विश्लेषण : अमेरिकेत टर्कीच्या शिकारीसाठी ‘गुरू’ का शोधले जात आहेत?

मार्च उजाडला की फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला रानटर्कीच्या शिकारीचा वासंतिक हंगाम सुरू होतो. थंडी जसजशी मागे हटते तसतसा तो उत्तरेकडे सरकतो आणि जूनच्या सुरुवातीला मेन राज्यात संपतो. अलास्का वगळता अमेरिकेच्या बाकी ४९ राज्यांत ही शिकार कायदेशीर आहे. गेल्या वीसेक वर्षांत या हंगामात एक नवी जोडी दिसू लागली आहे. एक अनुभवी शिकारी आणि शेजारी, अगदी हाताच्या अंतरावर, आयुष्यात कधी सावज न टिपलेला नवखा माणूस. हा नवखा पंचविशीतला असेल, चाळिशीतली नोकरदार बाई असेल किंवा शाळकरी मुलगा. काहींच्या हाती बंदूकही नसते, धनुष्यबाण असतो. अशा जोड्या जुळवण्याचे काम अनेक राज्यांची वन्यजीव खातीच करतात. त्यासाठी वेगळे परवाने आहेत, शिबिरे आहेत आणि २०१९ पासून केंद्रीय निधीही वापरता येतो. वन्यजीवांचे रक्षण हे ज्या खात्याचे काम, तेच खाते लोकांना शिकार शिकवण्यासाठी धडपडते, हे भारतीय वाचकाला उफराटे वाटेल. पण त्यामागे हिशेब आहे आणि त्या हिशेबाला विरोध करणारेही आहेत.

शिकारी कमी झाले तर सरकारला चिंता का?

याचे उत्तर १९३७ च्या एका कायद्यात आहे. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्या वर्षी सप्टेंबरमध्ये सही केलेला हा कायदा ‘पिटमन-रॉबर्टसन कायदा’ या नावाने ओळखला जातो. बंदुका आणि काडतुसांवरचा अबकारी कर सरकारी तिजोरीत इतरत्र न जिरवता राज्यांना वन्यजीवांसाठी द्यायचा, ही त्यातली मुख्य तरतूद. लांब नळीच्या बंदुका व काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के असा हा कर आहे. १९७२ मध्ये त्यात धनुष्यबाणाच्या साहित्याचीही भर पडली. कर उत्पादकाकडून वसूल होतो, त्यामुळे दुकानात धनुष्य विकत घेणाऱ्याला तो वेगळा दिसत नाही. पण त्याच्या पैशातला वाटा अखेर एखाद्या पाणथळीच्या डागडुजीला किंवा हरणांच्या गणनेला जातो. अलीकडच्या वर्षांत या निधीतून राज्यांना वर्षाकाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळाली आहे.

खरी मेख वाटपाच्या सूत्रात आहे. राज्याचा निम्मा हिस्सा त्याच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि उरलेला निम्मा तिथल्या परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येवर. शिवाय बहुतेक प्रकल्पांत केंद्र ७५ टक्के देते आणि २५ टक्के राज्याने घालायचे असतात. हे २५ टक्के प्रामुख्याने शिकार परवान्यांच्या शुल्कातून येतात. परवान्याचे पैसे रस्त्यांसाठी किंवा शाळांसाठी वळवले तर राज्याला हा केंद्रीय निधीच मिळत नाही, अशी कायद्याची अट आहे. म्हणजे परवाने घटले की राज्याला दोन्हीकडून फटका बसतो. स्वतःचे उत्पन्न घटते आणि केंद्राच्या पैशातला वाटाही.

परवाने घटत तर आहेतच. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सुमारे १ कोटी ७० लाख लोकांकडे शिकारीचा परवाना होता. तेव्हा देशाची लोकसंख्या २३ कोटींच्या आसपास होती. आज लोकसंख्या ३३ कोटींच्या पुढे गेली आहे आणि परवानाधारक दीड कोटीच्या आसपास आहेत. केंद्रीय वन्यजीव सेवेच्या पाहणीत २०११ मध्ये प्रत्यक्ष शिकार करणारे १ कोटी ३७ लाख निघाले होते, २०१६ मध्ये ते १ कोटी १५ लाखांवर आले. त्यांपैकी महिला साधारण दहातली एक. २०२२ च्या पाहणीत आकडा पुन्हा १ कोटी ४४ लाखांवर गेला. मात्र त्या वेळी मोजणीची पद्धत बदलली होती, त्यामुळे ही वाढ खरी मानून पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही. २०२० मध्ये करोनाच्या काळात परवाने थोडे वाढले, कारण लोकांकडे वेळ होता आणि घराबाहेर मोकळ्या हवेत जाण्याची तेवढीच एक सोय होती.

घट का झाली, यावर फारसा वाद नाही. शिकार ही पुस्तकातून शिकण्याची गोष्ट नव्हती. आजोबा, वडील, मामा यांच्यामागे रानात जाऊन ती अंगात मुरत असे. माणसे गावाकडून शहरांत आली, शेतजमिनी विकल्या गेल्या किंवा भाडेपट्ट्याने बड्या लोकांकडे गेल्या, तशी ही साखळी तुटली. युद्धोत्तर काळात जन्मलेली शिकाऱ्यांची सर्वांत मोठी पिढी आता सत्तरीत आहे. तिची जागा घेणारे घरातून तयार होत नसतील, तर ते बाहेरून तयार करावे लागतील, असे खात्यांनी ठरवले.

या युक्तिवादात एक भोक आहे. करापैकी मोठा वाटा आज शिकाऱ्यांकडून येतच नाही. स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घेणारे आणि चांदमारीच्या मैदानावर जाणारे लोकही तो भरतात. बंदुकांची विक्री वाढली की वन्यजीवांचा निधी वाढतो, मग रानात कोणी जावो वा न जावो. त्यामुळे ‘शिकारी नाहीत तर वन्यजीव नाहीत’ ही घोषणा जशीच्या तशी मान्य करता येत नाही. तरीही परवान्याचे शुल्क आणि वाटपाचे सूत्र शिकाऱ्यांच्या डोक्यांशी बांधलेले आहे, हे खरेच. २०२२ मध्ये जॉर्जियाचे खासदार अँड्र्यू क्लाइड यांनी बंदुकांवरचा हा करच रद्द करण्याचे विधेयक आणले, तेव्हा शिकाऱ्यांच्या जुन्या संघटनाच त्याविरोधात उभ्या राहिल्या. विधेयक पुढे गेले नाही.

‘शिकाऊ परवाना’ म्हणजे काय?

न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये नव्या शिकाऱ्यांना सुरक्षेचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. पुढे सर्व ५० राज्यांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात ती सक्ती आणली. त्यामुळे अपघात घटले, यात शंका नाही. पण नुसती चव घेऊन पाहू इच्छिणाऱ्याला आधी वर्ग, मग परीक्षा, मग परवाना हा रस्ता लांबचा वाटू लागला. २००४ पासून शिकारी संघटना आणि शस्त्र उद्योगाने मिळून हे नियम सैल करण्याची मोहीम चालवली. तिच्यातून शिकाऊ परवान्याची कल्पना रुजली. अभ्यासक्रम न करताच एक-दोन हंगाम शिकार करा, मात्र परवानाधारक प्रौढ माणूस कायम जवळ हवा, असा तिचा गाभा. आपल्याकडच्या शिकाऊ वाहन परवान्यासारखेच हे झाले, फक्त शेजारी बसणाऱ्याची जबाबदारी इथे बरीच जड आहे.

विस्कॉन्सिनमध्ये सुरुवातीला नियम कडक होते. वय किमान १० वर्षे, गुरू हाताच्या अंतरावर आणि दोघांत मिळून एकच शस्त्र. २०१७ मध्ये तिथे किमान वयाची अट आणि एका शस्त्राची अट दोन्ही काढून टाकण्यात आल्या. त्यानंतर काही महिन्यांच्या बाळांच्या नावानेही परवाने काढले गेल्याच्या बातम्या आल्या. बहुतेक ते हौशी पालकांचे आठवणीसाठी जपलेले कागद असणार, पण टीकाकारांना आयते कोलीत मिळाले. एका शस्त्राची अट गेल्याचे नुकसान मात्र त्याहून गंभीर होते. दोघांत एकच शस्त्र असले की गुरूचे लक्ष आपोआप शिष्याकडे राहते. त्याच्याही हातात शस्त्र आले की त्याचा एक डोळा सावजाकडे जाणारच.

या सगळ्या प्रयत्नांतली मोठी चूक मात्र दुसरीच होती आणि ती बऱ्याच उशिरा लक्षात आली. एका दिवसाच्या शिबिरांना जी मुले येत, त्यांतली पुष्कळशी शिकाऱ्यांच्याच घरची असत. ती तशीही शिकारी झाली असती. ज्यांच्या घरात कोणीच शिकार करत नाही, ते एका दिवसात बाण मारायला शिकत, प्रमाणपत्र घेऊन घरी जात आणि पुन्हा दिसत नसत. जमीन कुठे मिळेल, पक्षी सोलायचा कसा, चुकलो तर विचारायचे कोणाला, हे प्रश्न शिबिर संपल्यावरच सुरू होतात. त्यामुळे आता भर एका माणसाला एक गुरू आणि निदान एक पूर्ण हंगाम यावर आहे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये पिटमन-रॉबर्टसन कायद्यात दुरुस्ती होऊन असा खर्च केंद्रीय निधीतून करायला मुभा मिळाली. २०१६ मध्ये जॉर्जियातील अथेन्स शहरात सुरू झालेला एक उपक्रम या बाबतीत बोलका आहे. संयोजकांनी शेतकरी बाजारात हरणाच्या मांसाचे नमुने चाखायला ठेवले आणि ज्यांनी आवडीने खाल्ले त्यांना विचारले, हे स्वतः मिळवायला शिकाल का? सेंद्रिय भाजी घ्यायला आलेली ही शहरी माणसे शिकारीच्या दुकानात कधीच फिरकली नसती.

पहिल्या शिकारीसाठी टर्कीच का?

थँक्सगिव्हिंगच्या ताटात येणारी टर्की पोल्ट्रीतली असते, बोजड आणि उडता न येणारी. रानटर्की म्हणजे मोर, रानकोंबडा आणि तित्तिराच्या कुळातला चपळ पक्षी. तो रात्री उंच झाडावर बसतो आणि गरज पडली तर झटक्यात उडतो. लाकूडतोड आणि बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मूळच्या ३९ राज्यांपैकी १८ राज्यांतून नाहीसा झाला होता. देशभरात उरले होते दोन लाखांच्या आसपास, काही अंदाजांनुसार त्याहूनही कमी. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले, ते तगले नाहीत. रानात कसे जगायचे हे त्यांना शिकवायला आईच नव्हती. १९५० च्या दशकात तोफेसारख्या यंत्रातून जाळे फेकून रानातलेच थवे पकडायचे आणि दुसऱ्या रानात नेऊन सोडायचे, हे तंत्र आले आणि चित्र पालटले. या शतकाच्या सुरुवातीला संख्या ६५ ते ७० लाखांवर गेली. या कामाचा बराच खर्च त्या ११ टक्क्यांतून झाला, म्हणून शिकारी टर्कीकडे स्वतःच्या कर्तबगारीचा पुरावा म्हणून पाहतात.

नवख्यासाठी सोयीच्या गोष्टी आणखीही आहेत. हंगाम वसंतात असतो, त्यामुळे थंडीत कुडकुडावे लागत नाही. हरणासारखा मोठा देह ओढत न्यायचा नसतो. गुरू आणि शिष्य एकाच लपणात बसू शकतात. आणि मुख्य म्हणजे हा पक्षी बोलतो. पहाटे झाडावरूनच नर घशातून गडगडाटी आवाज काढतो, गुरू लाकडी डबीवर किंवा पाटीच्या चकतीवर कांडी घासून मादीची साद देतो आणि नर उत्तर देतो. ही सवाल-जवाबाची गंमत नवख्याला लगेच कळते. निसर्गाचा रिवाज मात्र याच्या उलट आहे. नर ओरडतो आणि माद्या त्याच्याकडे जातात. शिकारी त्याला मादीकडे यायला सांगत असतो, म्हणजे त्याच्या स्वभावाविरुद्ध. त्यामुळे शंभर पावलांवर येऊन तासभर ओरडणारा आणि पुढे एक पाऊलही न टाकणारा नर ही टर्कीच्या शिकाऱ्याची नेहमीची तक्रार असते.

धनुष्यबाण हाती घेतला की काय बदलते?

छऱ्याच्या बंदुकीने चाळीसेक यार्डांवरचा पक्षी डोक्या-मानेवर नेम धरून टिपता येतो. धनुष्याचा खेळ दहा ते वीस यार्डांत चालतो. टर्कीचे नाक फार कामाचे नसते, पण डोळे विलक्षण असतात. रंग ओळखणारे, बारीकशी हालचाल टिपणारे आणि मान किंचित वळवली की चहूकडचे पाहणारे. बंदूक आधीच गुडघ्यावर टेकवून ठेवता येते, धनुष्याची दोरी मात्र पक्षी समोर आल्यावरच ताणावी लागते. कप्प्या असलेल्या आधुनिक धनुष्यात पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार बराच कमी होतो, पण ताणण्याची हालचाल काही चुकत नाही. उघड्यावर बसलेल्या नवख्याला ती जमत नाही. म्हणून गुरू कापडी तंबूसारखे लपण उभारतो, मागच्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवतो आणि आत दोघेही काळे कपडे घालतात, म्हणजे अंधाराशी अंधार मिसळतो.

लपणापुढे नकली पक्षी मांडले जातात. बहुधा एक मादी आणि एक वर्षाचा कोवळा नर. मोठ्या नराला हा पोरगेला प्रतिस्पर्धी सहन होत नाही आणि तो थेट त्याच्या अंगावर जातो. म्हणून कोवळ्या नराची प्रतिकृती लपणाकडे तोंड करून ठेवतात. आलेला नर तिच्यासमोर पिसारा फुलवून उभा राहिला की त्याचीच पाठ लपणाकडे होते, पिसाऱ्याने त्याचे डोळे झाकले जातात आणि तेवढ्यात दोरी ताणता येते. प्रतिकृती दहा-बारा यार्डांवर ठेवण्याचे कारणही साधे आहे. नवख्याला अंतराचा अंदाज करत बसावे लागू नये.

आता सर्वांत नाजूक भाग. पिसारा फुलवलेला नर भला मोठा दिसतो, पण त्या पिसांच्या आत देह तेवढाच असतो. हृदय आणि फुप्फुसांचा भाग जेमतेम माणसाच्या मुठीएवढा किंवा थोडा मोठा. नवखा साहजिकच दिसणाऱ्या गोळ्याच्या मध्यावर नेम धरतो आणि बाण पिसांतून किंवा पोटातून जातो. आडवा उभा असेल तर पंखाच्या मुळाशी, समोरून असेल तर छातीवरच्या दाढीसारख्या केसांच्या किंचित वर, पाठमोरा असेल तर शेपटीच्या बुडाशी असे वेगवेगळे नेम त्याला आधी चित्रावर आणि मग पक्ष्याच्या आकाराच्या लक्ष्यावर घोटून घ्यावे लागतात. तेही उभ्याने नाही. लपणात असेल त्याच खुर्चीवर बसून, त्याच अंगरख्यात, शिकारीच्या पात्याचेच बाण लावून. मैदानावर उभे राहून दहापैकी नऊ बाण बरोबर मारणाऱ्याचे धनुष्याचे खालचे टोक लपणात खुर्चीला अडकते, हा अनुभव इतका सर्रास आहे की चांगले गुरू तो मुद्दाम घरीच घेऊ देतात.

नेम चुकून पक्षी जखमी झाला तर काय होते, हे या सगळ्या वादाचे मूळ आहे. हरिण रक्ताचा माग सोडते, शिकारी थांबून त्या मागाने जातो. टर्कीची दाट पिसे रक्त शोषून घेतात, माग जवळजवळ दिसत नाही. जखमी पक्षी पळतो किंवा उडून दाट झुडपात शिरतो आणि तिथे मरतो. धनुष्याच्या शिकारीवर प्राणीहक्क संघटनांचा जो आक्षेप आहे, तो इथे सर्वांत धारदार होतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. यामुळेच अनेक जुने शिकारी नवख्याला पहिल्या हंगामात धनुष्य देऊच नये असे म्हणतात. आधी बंदुकीने पक्षी ओळखायला, थांबायला, शांत राहायला शिकू द्या, धनुष्य दोन वर्षांनी. काही राज्यांत मधला मार्ग म्हणून आडवे धनुष्य वापरता येते. ते आधीच ताणलेले असते, त्यामुळे ऐन वेळची हालचाल वाचते. सरळ धनुष्यच हवे असेल, तर ताणण्याची ताकद पुरेशी आहे का हे आधी पाहावे लागते. अनेक राज्यांच्या नियमांत मोठ्या प्राण्यांसाठी किमान ३० ते ४० पौंडांची अट असते.

अशा वेळी गुरूचे खरे काम ‘मार’ म्हणणे नसून ‘थांब’ म्हणणे हे असते. पक्षी पंचवीस यार्डांवर आहे, शिष्याचे हात थरथरताहेत, पहाटे चारपासून दोघे बसलेले आहेत. तिथे ‘जाऊ दे, तो आणखी जवळ येईल, नाही तर उद्या पाहू’ असे म्हणायला जिवावर येते. पैसे घेऊन शिकार घडवणारा वाटाड्या आणि गुरू यांच्यातला फरकही हाच. वाटाड्याचे पुढचे गिऱ्हाईक हातात आलेल्या पक्ष्यावर अवलंबून असते. चांगला गुरू अंतर आधीच ठरवून टाकतो, समजा पंधरा यार्ड, आणि ते पक्षी दिसण्यापूर्वीच शिष्याकडून वदवून घेतो. बाण सुटल्यावर शिष्याचे भान उडालेले असते, म्हणून पक्षी नेमका कुठे गेला हे डोळ्यांत साठवायचे काम गुरूचे.

सुरक्षेचा धडा वेगळाच आहे. टर्कीच्या शिकारीत माणसे नखशिखान्त रानाच्या रंगात दडून पक्ष्याचे आवाज काढतात, त्यामुळे दुसरा शिकारी आवाजाच्या रोखाने गोळी झाडण्याचा धोका असतो. नराच्या डोक्यावर वसंतात लाल, पांढरा आणि निळा रंग चढतो. म्हणून या तीन रंगांचे काहीही, अगदी हातरुमालसुद्धा, जवळ ठेवायचा नाही आणि नकली पक्षी पिशवीत पूर्ण झाकूनच न्यायचा, हे शिष्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते.

धनुष्यबाणाची ही ओढ कुठून आली?

यालाही एका गुरूचाच इतिहास आहे. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ इशी नावाने पुढे ओळखला गेलेला एक मूलनिवासी माणूस एकटाच सापडला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तलींत त्याची याही जमात संपली होती. त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात ठेवण्यात आले. तिथे त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य बनवायला आणि शिकार करायला शिकले. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. पोप यांनी १९२३ मध्ये धनुर्शिकारीवर पुस्तक लिहिले आणि अमेरिकी मध्यमवर्गात हा छंद पसरला. १९३४ मध्ये विस्कॉन्सिनने केवळ धनुष्यासाठी हरणांच्या शिकारीचा हंगाम ठेवला. १९६० च्या दशकात मिसुरीच्या होलेस विल्बर ॲलन यांनी कप्प्यांचे धनुष्य बनवले, त्यानंतर ताकद कमी असलेल्यांनाही ते पेलू लागले. ज्याच्या लोकांना संपवले त्याच्याकडूनच शिकलेल्या विद्येचा हा वारसा आहे. शिबिरांतून इशीचे नाव घेतले जाते, त्याच्या जमातीचे काय झाले ते मात्र क्वचितच सांगितले जाते.

पक्षीच घटत असतील तर नवे शिकारी कशाला?

हा प्रश्न आता शिकारीच विचारू लागले आहेत. आग्नेय अमेरिकेतील अनेक राज्यांत गेल्या दीड-दोन दशकांत टर्की घटली आहे. एका मादीमागे जगणाऱ्या पिलांचे प्रमाण खाली आले आहे. अधिवास बदलला, अंडी-पिले खाणारे प्राणी वाढले, अशी कारणे पुढे येतात. अंडी घालण्याचा काळ पूर्ण होण्याआधीच वर्चस्व असलेले नर मारले गेले तर प्रजननाची घडी विस्कटते, असेही काही संशोधकांचे म्हणणे आहे. त्यावर एकमत नसले तरी राज्यांनी सावध पावले टाकली आहेत. जॉर्जियाने २०२२ मध्ये हंगाम आठवडाभर पुढे ढकलला आणि एका शिकाऱ्याला मिळणाऱ्या नरांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. टेनेसीने २०२३ मध्ये दोन आठवड्यांची ढकल देऊन तसेच केले. अलाबामाने हंगामाच्या पहिल्या दहा दिवसांत नकली पक्षी वापरायला बंदी घातली. या बंदीची झळ अनुभवी माणसापेक्षा धनुष्यवाल्या नवख्याला जास्त बसते, कारण त्याची सारी मदार नकली पक्ष्यावरच असते.

त्यामुळे एकच खाते एका हाताने माणसे रानात बोलावते आणि दुसऱ्या हाताने दार अर्धे लोटते. जुने शिकारी कुरकुरतात की सार्वजनिक रानात आधीच गर्दी आहे, त्यात आणखी भर कशाला. त्यांचेही चूक नाही. नवशिक्यांची संख्या हे खात्याचे यश मानले जाते, पण त्या शिकाऱ्याला उभे राहायला जागा वाढत नाही.

राजकारणाचा धागा वेगळाच आहे. २०२२ मध्ये टेक्सासमधील युवाल्डेच्या शाळेतील हत्याकांडानंतर आलेल्या कायद्यात केंद्रीय शिक्षण निधीतून शस्त्र प्रशिक्षणाला बंदी होती. शिक्षण खात्याने त्याचा अर्थ शाळांतील धनुर्विद्या व शिकार सुरक्षेचे वर्गही बंद, असा लावला. शालेय धनुर्विद्येचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ मध्ये केंटकीत सुरू झाला होता आणि अनेक राज्यांत तो लोकप्रिय आहे. गदारोळ झाला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने ४२४ विरुद्ध १ मतांनी दुरुस्ती मंजूर केली, सिनेटने एकमताने आणि ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष बायडेन यांनी सही केली. कशावरच एकमत न होणाऱ्या त्या संसदेत हा आकडा पाहण्यासारखा होता.

तिथल्या मराठी माणसाला काय लागू होते?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ ने शिकारीला मनाई आहे आणि परवान्याने शिकार करण्याच्या उरल्यासुरल्या वाटा १९९१ च्या दुरुस्तीने बंद केल्या. त्यामुळे अमेरिकेत गेलेल्या बहुतेक मराठी माणसांच्या घरात शिकारीची परंपरा असली तरी ती दोन-तीन पिढ्या मागची, भिंतीवरच्या फोटोतली असते. नव्या मोहिमेला जो ‘घरात शिकारी नसलेला’ प्रौढ हवा आहे, त्यात तो नेमका बसतो. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने सहसा बंदूक बाळगता येत नाही. मात्र ज्याच्याकडे वैध शिकार परवाना आहे, त्याला त्यातून सूट आहे. धनुष्य तर बंदुकीच्या व्याख्येतच येत नाही. राज्याराज्यांचे नियम वेगळे असल्याने परवाना काढताना तिथल्या खात्याकडेच विचारणा करणे शहाणपणाचे.

नोकरदार नवख्याची खरी अडचण वेळेची असते. गुरू आणि शिष्य दोघेही आठवडाभर कामावर. पेनसिल्व्हेनियात रविवारी शिकारीला जुनी बंदी होती. २०१९ च्या कायद्याने वर्षातले तीन रविवार खुले झाले आणि २०२५ मध्ये ही बंदी उठवण्याच्या कायद्यावर राज्यपालांनी सही केली. तिथल्या नोकरदार शिष्याला त्यामुळे गुरूबरोबर रानात जायला आठवड्याला आणखी एक सुटीचा दिवस मिळण्याची वाट मोकळी झाली. पहिल्या वर्षीचा परवाना गुरू सोबत येऊन काढून देतो. दुसऱ्या वर्षी तो गुरूशिवाय, स्वतःच्या पैशाने काढला जातो का, याकडे आता खात्यांचे लक्ष आहे.